अहमदनगरचे निजामशाही राजवाडे

अहमदनगरचे निजामशाही राजवाडे म्हणजे निजामशाही सुलतानांनी इ.स. १४९० ते १६०० या काळात आपल्या राजधानीत व तिच्या परिसरात बांधलेले महाल, बागमहाल आणि जलमहाल होत. भुईकोट किल्ल्यातील महाल, शहराच्या उत्तरेकडील हश्त बिहिश्त बाग, आग्नेयेकडील फराहबाग आणि डोंगरावरील मांजरसुंबा येथील विश्रामस्थान ही त्यांपैकी प्रमुख ठिकाणे आहेत. अहमदनगर शहराचे नाव २०२४ साली अधिकृतपणे अहिल्यानगर असे करण्यात आले. या लेखात ऐतिहासिक संदर्भात अहमदनगर हेच नाव वापरले आहे.

या राजवाड्यांचे वैशिष्ट्य त्यांच्या आकारापेक्षा त्यांच्या रचनेत आहे. एकाच तटबंदीत सारा राजवाडा सामावण्याऐवजी येथे निरनिराळ्या बागा, त्यांच्या मध्यभागी तळी आणि तळ्यांच्या मध्यभागी महाल अशी योजना होती. पर्जन्यछायेच्या प्रदेशात ही योजना पाण्याच्या दूरवरून आणलेल्या नळांमुळेच शक्य झाली. पाणी होते तोवर महाल नांदते राहिले. राजधानी गेली, नळांची देखभाल थांबली आणि महालही ओस पडले.

पार्श्वभूमी

बहमनी राज्याच्या विघटनातून पंधराव्या शतकाच्या अखेरीस दख्खनमध्ये ज्या पाच शाह्या उदयास आल्या, त्यांपैकी निजामशाही ही एक होय. तिचा संस्थापक मलिक अहमद हा बहमनी वजीर मलिक हसन निजामुल्मुल्क बहिरी याचा मुलगा. मलिक हसनचे घराणे मूळचे पाथरी (सध्याचा परभणी जिल्हा) येथील ब्राह्मण कुळातील असल्याचे इतिहासकार फरिश्ता सांगतो. वडिलांच्या हत्येनंतर जुन्नर येथे असलेल्या मलिक अहमदने बहमनी सत्ता झुगारली व इ.स. १४९० मध्ये भिंगारच्या परिसरात बहमनी सैन्याचा पराभव केला. या विजयाच्या जागी त्याने बाग व महाल उभारला. पुढे इ.स. १४९४ मध्ये सीना नदीच्या डाव्या तीरावर नव्या शहराची पायाभरणी झाली व त्याला संस्थापकाचे नाव मिळाले.

म्हणजे अहमदनगरात आधी बाग आली, मग शहर आले. पुढील शंभर वर्षांत बांधल्या गेलेल्या राजवाड्यांवर या आरंभाची छाप स्पष्ट दिसते.

निजामशाही राजवंश तुर्की नव्हता. तथापि त्याच्या दरबारात दख्खनी, हबशी, इराणी, अरब व तुर्की अशा नाना वंशांचे सरदार, कारागीर व विद्वान वावरत असत आणि दरबारी व्यवहाराची भाषा फारसी होती. इराणहून आलेला विद्वान शाह ताहिर हा बुऱ्हाण निजामशहा पहिला याचा सल्लागार होता. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्टा यानेही याच बुऱ्हाणशहावर उपचार केले होते. त्याचा वनौषधींवरील ग्रंथ इ.स. १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. विजापूरच्या तटावर आज असलेली 'मलिक-ए-मैदान' ही प्रचंड तोफ इ.स. १५४९ मध्ये अहमदनगरातच ओतली गेली. ती ओतणाऱ्याच्या नावातील 'रूमी' हे विशेषण त्याचे तुर्कस्तानाशी असलेले नाते सांगते. तोफा ओतण्याची विद्या ज्या वाटेने दख्खनमध्ये आली, त्याच वाटेने राजवाड्यांच्या कल्पनाही आल्या.

रचनेमागील कल्पना

'हश्त बिहिश्त' या फारसी शब्दांचा अर्थ 'आठ स्वर्ग' असा होतो. वास्तुरचनेत हे नाव एका विशिष्ट आराखड्याला दिले जाते. मध्यभागी उंच घुमटाकार दालन, त्याच्या चारही बाजूंना 'ईवान' म्हणजे पुढून पूर्ण मोकळे असलेले उंच कमानीचे दालन आणि चार कोपऱ्यांत लहान खोल्या अशा आठ भागांनी मधले दालन वेढलेले असते. इमारतीचे कोपरे कापल्यामुळे तिचा बाह्याकार अष्टकोनी दिसतो.

हा आराखडा तैमुरी व तुर्कमान राज्यकर्त्यांच्या काळात इराण व मध्य आशियात रूढ झाला. पंधराव्या शतकात तब्रीझ येथील अक कोयुन्लू या तुर्कमान सुलतानांच्या महालाचे नाव 'हश्त बिहिश्त' असेच होते. ऑटोमन सुलतान दुसरा मेहमद याने इ.स. १४५३ मध्ये कॉन्स्टॅंटिनोपल जिंकल्यावर तेथे तोपकापी राजवाडा उभारला. त्याच्या बाहेरील बागेत इ.स. १४७२ मध्ये पूर्ण झालेला चिनी फरशांचा महालही मधले घुमटाकार दालन व चार ईवान याच धर्तीवर बांधलेला आहे. इस्फहानचा हश्त बिहिश्त महाल सतराव्या शतकातला. दिल्लीतील हुमायूनची कबर व आग्र्याचा ताजमहाल यांच्या मांडणीतही हेच तत्त्व आढळते.

अहमदनगरच्या दोन प्रमुख बागमहालांत ही कल्पना दख्खनच्या हवेत व काळ्या दगडात उतरलेली दिसते. मात्र तोपकापीशी तुलना करताना एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. तोपकापी राजवाड्यात चौकामागून चौक ओलांडत सुलतानापर्यंत पोहोचावे लागे आणि दरबार, खजिना, मुदपाकखाना व जनाना हे सारे एकाच तटबंदीत होते. निजामशहांनी कारभार व संरक्षण किल्ल्यात ठेवले आणि निवास, मेजवानी व विश्रांती यांसाठी शहराबाहेर बागमहाल बांधले. त्यामुळे अहमदनगरचा 'राजवाडा' म्हणजे एक इमारत नव्हे, तर काही कोसांत विखुरलेल्या वास्तूंचा समूह होय.

प्रमुख राजवाडे

बागे निजाम आणि किल्ल्यातील महाल

मलिक अहमदने विजयस्थळी उभारलेली बाग 'बागे निजाम' या नावाने ओळखली जाई. तीच निजामशहांची अहमदनगरातील पहिली राजनिवासाची जागा. तिच्याभोवती प्रथम मातीचा तट होता. हुसेन निजामशहा पहिला (कारकीर्द १५५३–१५६५) याने इ.स. १५५९ ते १५६२ च्या सुमारास तो काढून दगडी तट व खंदक बांधला, आणि बागेचा भुईकोट किल्ला झाला. हा किल्ला जवळजवळ वर्तुळाकार असून त्याच्या तटाचा घेर दीड किलोमीटरहून अधिक आहे.

किल्ल्याच्या आत सोनमहाल, गगनमहाल, मीनामहाल, बगदादमहाल इत्यादी महाल होते. गंगा, जमना, मछलीबाई व शक्करबाई या नावांच्या चार मोठ्या विहिरींचा उल्लेखही मिळतो. वेढ्याच्या काळात बाहेरून येणारे पाणी शत्रूला तोडता येत असे. अशा वेळी किल्ल्यातील माणसांचा आधार या विहिरीच होत. हे महाल आज मूळ स्वरूपात उरलेले नाहीत.

हश्त बिहिश्त बाग

शहराच्या उत्तरेस सावेडीच्या बाजूला असलेल्या या बागेचा आरंभ अहमद निजामशहाच्या काळात झाला. तेव्हा तिचे नाव 'फैजबक्ष' होते. बुऱ्हाण निजामशहा पहिला (कारकीर्द १५१०–१५५३) याच्या काळात तिची फेररचना झाली व तिला 'हश्त बिहिश्त' हे नाव मिळाले. अष्टकोनी तलावाच्या मध्यभागी अष्टकोनी दुमजली महाल अशी तिची मांडणी होती. बागेच्या परिसरात हमामखान्याचे म्हणजे स्नानगृहाचे अवशेषही आहेत. नाव व आकार यांचा मेळ येथे अगदी उघड आहे: आठ स्वर्गांचे नाव, आठ बाजूंचा तलाव आणि आठ बाजूंचा महाल.

फराहबाग

शहराच्या आग्नेयेस असलेली फराहबाग ही निजामशाही राजवाड्यांपैकी सर्वांत भव्य व आज सर्वांत अधिक शिल्लक असलेली वास्तू होय. 'फराह' म्हणजे आनंद. स्थानिक बोलीत तिला 'फरहाबाग' किंवा 'फरियाबाग' असेही म्हणतात. मुर्तझा निजामशहा पहिला (कारकीर्द १५६५–१५८८) याच्या काळात तिचे काम सुरू झाले. वजीर चंगेजखान, त्यानंतर न्यामतखान आणि शेवटी सलाबतखान दुसरा अशा तीन अधिकाऱ्यांची नावे तिच्या बांधकामाशी जोडली जातात. न्यामतखानाने उभारलेली इमारत सुलतानाच्या पसंतीस उतरली नाही, म्हणून ती पाडून सलाबतखानाकडे काम सोपविण्यात आले, असा वृत्तांत आहे. इ.स. १५८३ मध्ये महाल पूर्ण झाला.

हा महाल एका मोठ्या तलावाच्या मध्यभागी उभा असून काठावरून तेथे जाण्यासाठी बांधीव वाट आहे. कोपरे कापलेल्या चौरसावर त्याची उभारणी केलेली आहे. मधले घुमटाकार दालन दोन मजल्यांइतके उंच आहे. चारही दर्शनी बाजूंना उंच ईवान आणि कोपऱ्यांत दोन मजल्यांवर खोल्या, जिने व वाटा आहेत. वरच्या मजल्यावरून मधल्या दालनात डोकावता येते. कोणत्याही बाजूने आलेला वारा तलावाच्या पाण्यावरून ईवानात शिरतो आणि मधल्या उंच दालनातून पुढे जातो. त्यामुळे उन्हाळ्यातही आतील हवा सुसह्य राहत असे.

मुर्तझा निजामशहा हा पुढे पुढे राज्यकारभारापासून दूर राहू लागला व त्याला 'दिवाना' असे उपनाम पडले. फराहबागेत तो बुद्धिबळ खेळण्यात वेळ घालवी, असे सांगितले जाते. राज्य प्रत्यक्षात सलाबतखान चालवीत होता. निजामशाहीतील उत्तम बांधकामांपैकी बरीच याच वजिराच्या काळातील आहेत.

मांजरसुंबा

शहराच्या उत्तरेकडील डोंगररांगेत, डोंगरगणजवळ, मांजरसुंबा गाव व त्याच नावाचा छोटा किल्ला आहे. (बीड जिल्ह्यातील मांजरसुंबा हे वेगळे गाव होय.) येथे महालाचे व पाण्याच्या टाक्यांचे अवशेष आहेत. कड्याखालून पाणी टप्प्याटप्प्याने वर चढविण्यासाठी बांधलेली उंच इमारत हे या जागेचे विशेष. सपाटीवरील बागांना पाणी उताराने मिळत असे. येथे ते चढवावे लागले.

पाणीपुरवठा

अहमदनगर परिसरात वर्षाकाठी सरासरी सहाशे मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो आणि सीना नदी वर्षातील बराच काळ कोरडी असते. अशा जागी तलावांच्या मधोमध महाल बांधणे हा निव्वळ हौसेचा विषय नव्हता. त्यासाठी आधी पाणी आणावे लागत होते.

शहराच्या उत्तर व पूर्वेकडील टेकड्यांच्या पायथ्याशी विहिरी खणून, झरे अडवून ते पाणी भाजक्या मातीच्या नळांतून शहरात, किल्ल्यात व बागांत आणले जाई. या नळांना 'खापरी नळ' म्हणतात. कापूरवाडी, वडगाव, शेंडी-पोखर्डी, नागाबाई, भिंगार इत्यादी नावांनी हे नळ ओळखले जात. या व्यवस्थेचे काम पुढीलप्रमाणे चाले:

विहिरीची पाण्याची पातळी बागेच्या जमिनीपेक्षा उंच असे. त्यामुळे कोणतेही यंत्र न वापरता पाणी उताराने वाहत असे.

मातीचे नळ एकात एक बसवून सांधे चुन्याने बंद केले जात आणि भोवती दगड-चुन्याचे बांधकाम करून ते जमिनीखाली पुरले जात. त्यामुळे बाष्पीभवन होत नसे व पाणी स्वच्छ राहत असे.

बंद नळात हवा कोंडली तर प्रवाह अडतो. म्हणून ठिकठिकाणी उंच मनोरे बांधून नळ त्यांत वर चढवीत व पुन्हा खाली उतरवीत. त्यांना 'उच्छ्वास' म्हणतात. तेथे हवा बाहेर पडे आणि पाण्याचा दाबही मर्यादेत राही.

वाटेतील हौदांत गाळ खाली बसे व तो वेळोवेळी काढावा लागे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची होती. ही व्यवस्था स्वस्त होती, टिकाऊ होती, पण आपोआप चालणारी नव्हती. गाळ काढणारा, फुटका नळ बदलणारा आणि त्यांना वेतन देणारा कोणी असेल तोवरच पाणी येत राहणार होते.

सलाबतखानाने शहराच्या पूर्वेस भातोडी येथे तलावही बांधला. इ.स. १६२४ मध्ये भातोडीच्या लढाईत मलिक अंबरने याच तलावाच्या पाण्याचा उपयोग मोगल व आदिलशाही सैन्याविरुद्ध केला. त्या लढाईत शहाजीराजे भोसले निजामशाहीच्या बाजूने लढले व त्यांचे बंधू शरीफजी तेथे धारातीर्थी पडले.

बांधकाम

या महालांच्या भिंती स्थानिक काळ्या दगडाच्या असून त्यांवर चुन्याचा जाड गिलावा आहे. दगड बहुधा घडीव नसून ओबडधोबड आहे. सौंदर्य आणले ते गिलाव्याने. कोनाडे, कमानींच्या कडा व छताखालील जाळीदार नक्षी हे सारे चुन्यात घडविलेले आहे. ही पद्धत जलद व कमी खर्चाची होती, परंतु तिची एक अट होती. चुन्याचा थर शाबूत असेतोवर भिंत सुरक्षित राहते. एकदा तो निघाला की पावसाचे पाणी सांध्यांत शिरते, झाडांची मुळे रुजतात आणि आतला दगड सुटू लागतो.

राजवाडे आणि राजसत्ता

अहमदनगरच्या या महालांत निजामशाहीच्या उत्कर्षाबरोबर तिच्या अंतःकलहाच्याही घटना घडल्या. इ.स. १५८८ मध्ये मुर्तझा निजामशहाचा मुलगा मीरान हुसेन याने किल्ल्याचा ताबा घेतला. वडिलांना हमामखान्यात कोंडून दारे-खिडक्या बंद केल्या व खाली आग पेटविली. त्या धुरात व उष्णतेत मुर्तझाचा अंत झाला. फरिश्ता त्या वेळी मुर्तझाच्या पहाऱ्यावरील अधिकारी होता. तो वाचला व पुढे विजापूरला गेला. निजामशाहीचा जो वृत्तांत आज उपलब्ध आहे, त्यातील मोठा भाग त्याच्या लेखणीतून उतरलेला आहे. मीरान हुसेनही वर्षभरात मारला गेला.

इ.स. १५९५–९६ मध्ये मोगलांनी किल्ल्याला वेढा घातला. हुसेन निजामशहाची कन्या व विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा चांदबीबी हिने संरक्षणाचे नेतृत्व केले. सुरुंगाने पडलेले तटाचे खिंडार तिने एका रात्रीत बुजवून घेतले, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. इ.स. १६०० मध्ये किल्ल्यातील लोकांकडूनच चांदबीबीची हत्या झाली आणि किल्ला मोगलांच्या हाती गेला. राजधानी म्हणून अहमदनगरचे आयुष्य तेथे संपले.

वऱ्हाडशी संबंध

इ.स. १५७४ मध्ये मुर्तझा निजामशहाने इमादशाहीचे राज्य जिंकून वऱ्हाड आपल्या राज्यास जोडले. फराहबागेची उभारणी या विजयानंतरच्या वर्षांतली आहे. घाटावरील देऊळघाट व साखरखेर्डा आणि घाटाखालील रोहिणखेड हा आजच्या बुलढाणा जिल्ह्याचा मुलूख त्या वेळी अहमदनगरच्या अमलाखाली आला. निजामशाही सरदार खुदावंदखान महदवी याने रोहिणखेड येथे इ.स. १५८२ मध्ये बांधलेली मशीद आजही उभी आहे. फराहबाग पूर्ण होण्याच्या आदल्याच वर्षातील ही वास्तू वऱ्हाडातील निजामशाही बांधकामाचा नमुना होय.

याच रोहिणखेडजवळ इ.स. १५९१ मध्ये निजामशाहीच्या गादीचा निकाल लागला. मुर्तझाचा भाऊ बुऱ्हाण हा अकबराच्या आश्रयास होता. त्याने खानदेशच्या राजा अलीखानाच्या मदतीने येथे जमालखानाचा पराभव केला. जमालखान मारला गेला आणि बुऱ्हाण निजामशहा दुसरा या नावाने तो गादीवर आला. इ.स. १५९६ च्या तहात चांदबीबीला वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले. अशा रीतीने वऱ्हाडवरील निजामशाही अंमल अवघ्या बावीस वर्षांचा ठरला.

दौलताबाद व खडकी

निजामशहांनी इ.स. १४९९ मध्ये दौलताबादचा किल्ला घेतला होता. त्यापूर्वी इ.स. १३२७ मध्ये तुर्की वंशाच्या मुहम्मद तुघलकाने आपली राजधानी दिल्लीहून तेथे हलविली होती. किल्ल्यात निजामशाही महालाचे अवशेष असून निळ्या-पांढऱ्या फरशांमुळे 'चिनीमहाल' म्हणून ओळखली जाणारी इमारतही तेथे आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन कुतुबशहा याला औरंगजेबाने याच चिनीमहालात कैदेत ठेवले होते. बांधताना राजनिवास असलेली वास्तू पुढे राजबंदीचे घर झाली.

अहमदनगर हातचे गेल्यावर मलिक अंबरने निजामशाही आणखी पाव शतक टिकविली. इ.स. १६१० मध्ये त्याने खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) हे शहर वसविले व तेथे खापरी नळांची नहर आणली. अहमदनगरच्या बागांसाठी वापरलेली विद्या अशा रीतीने एका नव्या शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी कामी आली. इ.स. १६३६ मध्ये निजामशाहीचा शेवट झाला.

ऱ्हास

मोगल काळात अहमदनगर हे सुभ्यातील महत्त्वाचे ठाणे राहिले. औरंगजेबाचा मृत्यू इ.स. १७०७ मध्ये भिंगारजवळच्या छावणीत झाला. इ.स. १७५९ मध्ये किल्ला पेशव्यांकडे, पुढे शिंद्यांकडे आणि इ.स. १८०३ मध्ये जनरल वेलस्लीच्या हल्ल्यानंतर इंग्रजांकडे गेला. या सर्व सत्तांना किल्ल्याची गरज होती, बागमहालांची नव्हती. त्यामुळे तट दुरुस्त होत राहिला आणि महाल पडत गेले.

एकोणिसाव्या शतकात फराहबागेच्या परिसरात रेशमासाठी तुतीची लागवड करून पाहण्यात आली. शहरातील चंगेजखानाच्या वाड्यात न्यायालय भरू लागले. जुन्या नळांपैकी काहींचे पाणी त्याही काळात शहराला मिळत होते. उपयोगात राहिलेल्या वास्तू तगल्या, उपयोग संपलेल्या ढासळल्या, असा सर्वसाधारण क्रम येथे दिसतो.

किल्ल्याचा शेवटचा मोठा उपयोग तुरुंग म्हणून झाला. 'छोडो भारत' आंदोलनानंतर ऑगस्ट १९४२ पासून जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आदी नेत्यांना येथे स्थानबद्ध केले होते. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ इ.स. १९४४ मध्ये याच किल्ल्यात लिहिला.

सद्यस्थिती

भुईकोट किल्ला भारतीय लष्कराच्या ताब्यात आहे. हश्त बिहिश्त बागेतील तलाव गाळाने भरला असून महालाचे भग्नावशेष उरले आहेत. फराहबागेची मुख्य इमारत उभी आहे, परंतु तिचा काही भाग कोसळलेला आहे, गिलावा बराच गळून गेला आहे आणि तलाव कोरडा असतो. शहराच्या वाढीमुळे खापरी नळांचे मार्ग व उच्छ्वास रस्ते आणि वस्त्यांखाली नाहीसे होत आहेत. महालाचे अवशेष जपले आणि नळांचे मार्ग पुसले गेले, तर तलावाच्या मधोमध महाल का बांधला व तो तलाव भरत कसा होता, हे पुढच्या पिढीला समजणे अवघड होईल. म्हणून या वास्तूंच्या जतनाचा विचार करताना महाल, तलाव व नळ यांना एकच स्मारक मानणे आवश्यक ठरते.

प्रचलित गैरसमज

शहराच्या पूर्वेस शहा डोंगरावर दिसणारी तीन मजली अष्टकोनी इमारत 'चांदबीबीचा महाल' या नावाने प्रसिद्ध आहे. प्रत्यक्षात ती राजवाडा नसून फराहबाग पूर्ण करणारा वजीर सलाबतखान दुसरा याची कबर आहे.

निजामशाही व हैदराबादचे निजाम (आसफजाही) यांत नामसाम्यामुळे गल्लत केली जाते. निजामशाही इ.स. १६३६ मध्ये संपली. हैदराबादचे आसफजाही घराणे अठराव्या शतकात सत्तेवर आले. या दोहोंचा परस्परसंबंध नाही.

कालपट

इ.स. १४९० – मलिक अहमदचा विजय; बागे निजामचा आरंभ

इ.स. १४९४ – अहमदनगर शहराची पायाभरणी

इ.स. १५५९–१५६२ (सुमारे) – किल्ल्याचा दगडी तट

इ.स. १५७४ – वऱ्हाड निजामशाहीत समाविष्ट

इ.स. १५८३ – फराहबाग पूर्ण

इ.स. १५८८ – मुर्तझा निजामशहाचा हमामखान्यात अंत

इ.स. १५९१ – रोहिणखेडची लढाई

इ.स. १५९६ – वऱ्हाड मोगलांकडे

इ.स. १६०० – चांदबीबीची हत्या, अहमदनगर मोगलांकडे

इ.स. १६३६ – निजामशाहीचा शेवट

हे सुद्धा पहा

निजामशाही

अहमदनगरचा किल्ला

चांदबीबी

मलिक अंबर

इमादशाही

रोहिणखेड

दौलताबाद

तोपकापी राजवाडा